ताव आणि ठोका

बाकावरून उठताना आई नेहमीसारखे दोन्ही तळवे गुडघ्यांवर दाबते, ‘आई गं’ म्हणते आणि डॉक्टरांच्या खोलीत शिरते. तुम्ही मागोमाग. परळ, सकाळचे साडेअकरा. खिडकीतून एका बंद गिरणीची चिमणी दिसते आणि तिच्यामागे, तिच्याहून कितीतरी उंच, काचेची इमारत. पडद्यावर आईच्या गुडघ्यांचा एक्स-रे आहे. मांडीचं हाड आणि नडगी यांच्यामध्ये जी फट दिसायला हवी, ती उजव्या पायात उरलेलीच नाही. हाड हाडावर टेकलंय.

डॉक्टर टेबलाचा खण उघडतात आणि एक चकचकीत, वळणदार वस्तू तुमच्या तळहातावर ठेवतात. मांडीच्या हाडाच्या टोकावर टोपीसारखा बसणारा भाग. दिसतो त्यापेक्षा जड. एवढ्याच आकाराचं लोखंड याहून हलकं भरलं असतं. आई तो तुमच्या हातातून घेते, पदराने पुसते, उजेडात धरते.

“बाळा, हे आत गंजणार नाही ना रे?”

“नाही मावशी,” डॉक्टरच उत्तर देतात, “कोबाल्ट-क्रोमियम आहे.”

उत्तर बरोबर आहे. या धातूला हवा लागली की त्यातल्या क्रोमियममुळे वर ऑक्साइडची साय धरते. ती इतकी पातळ असते की तशा हजारो सायी एकावर एक ठेवल्या तर कुठे कागदाइतकी जाडी होईल. ओरखडा पडला तरी ती क्षणात पुन्हा धरते, आणि तिच्या जिवावर हा धातू रक्ता-मांसात वर्षानुवर्षं न गंजता राहतो. पण ‘कोबाल्ट-क्रोमियम’ या दोन शब्दांत फक्त शिधा आला. तांदूळ आणि उडीद एवढंच सांगितलं, तर ताटात इडली येणार की आंबोळी, हे कुठे कळतं? भिजवलं किती, आंबवलं किती, तवा किती तापला होता, यावर ते ठरतं. या धातूचंही तसंच आहे. त्याला किती ताव दिला, कसा गार केला, किती ठोका बसला, यावर तो हाडाला साथ देणार की एक दिवस आतल्या आत तडकणार, हे ठरतं.

तो तुकडा आईकडून परत घ्या. मुठीत धरा. गुळगुळीत बाजूवरून अंगठा फिरवा आणि डोळे मिटा. आपल्याला मागे जायचंय.

*

डोळे उघडता तेव्हा गिरगावात आहात. 1934 सालचा भाद्रपद. केशवजी नाईकांच्या चाळीत आरती चाललीय; या चाळीतला सार्वजनिक गणपती 1893 पासूनचा, म्हणजे आता एक्केचाळीस वर्षांचा. तुम्ही झांजांचा आवाज मागे टाकून भुलेश्वरच्या गर्दीतून पायधुणीच्या दिशेने निघता. तांबटांचा तांबाकाटा जवळ आला हे आधी कानांना कळतं. ठाक, ठाक, ठाक. एक नाही, दहा-वीस हात एकाच वेळी.

एका दुकानाच्या पायरीवर म्हातारा तांबट बसलाय. मांडीशी खरवई, म्हणजे तांबटाची ऐरण, हातात लाकडी मुठीची हातोडी. तुम्ही थांबलेले पाहून तो तांब्याची बोटभर रुंद पट्टी पुढे करतो. “धरा. वाकवा.”

पट्टी सहज वाकते. तो ती सरळ करून घेतो, ऐरणीवर ठेवतो आणि शांतपणे ठोकत जातो, या टोकापासून त्या टोकापर्यंत. “आता वाकवा.” तुम्ही जोर लावता. अंगठे दुखतात. पट्टी ताठ झालीय.

“अजून ठोकलं तर?”

“चिरेल.”

तो पट्टी निखाऱ्यांत सरकवतो. ती लाल होते. चिमट्याने उचलून पाण्यात सोडतो, पुसतो आणि तुमच्या हातात देतो. पट्टी पुन्हा मऊ, जणू ठोका कधी बसलाच नव्हता. घागर घडवताना हेच कितीदा तरी करावं लागतं, तो सांगतो. ठोका, मग ताव, पुन्हा ठोका, पुन्हा ताव. कुठे थांबायचं ते आवाजावरून कळतं. ताठलेलं तांबं वेगळं वाजतं.

धातुशास्त्राच्या वर्गात या विषयाला मोठाली नावं आहेत. आत घडतं ते असं: धातू म्हणजे अणूंच्या थरांची रचना, आणि धातू वाकतो म्हणजे हे थर एकमेकांवरून सरकतात. ते एकदम सरकत नाहीत. सतरंजीवरची चुणी ढकलत न्यावी तसे थोडे थोडे सरकतात. ठोक्यागणिक अशा चुण्या वाढतात, एकमेकींत अडकतात आणि सरकणं अवघड होतं. ताव दिला की अणूंना हलायला बळ मिळतं, गुंता सुटतो, नवे ताजे स्फटिक जन्मतात. म्हाताऱ्याला यातला एक शब्दही ठाऊक नाही आणि त्याच्या हाताला हे सगळं ठाऊक आहे.

ट्राम पकडा. लालबागला उतरा. उन्हाळ्यातला गिरण्यांचा मोठा संप मिटून काही महिने झालेत. इथल्या बाजारकरांनी आणि कोळ्यांनी यंदा पहिल्यांदाच गणपती बसवलाय. मंडपापुढे चार माणसं आहेत, रांग वगैरे काही नाही. तुम्हाला हात जोडायचे असतील तर आत्ताच जोडा. पुढच्या काळात इथे तासन्‌तास उभं राहावं लागणार आहे.

गिरणीच्या मेकॅनिक खात्यात एक लोहार छिनीला पाणी देतोय. पोलादाची छिनी लाल करून त्याने पाण्यात बुडवली. चर्रर्र. आता ती इतकी कडक झालीय की दगडावर पडली तर टवका उडेल. म्हणून तो तिला पुन्हा हलकी ऊब देतो आणि घासलेल्या कडेवर चढणारे रंग पाहत राहतो: आधी फिकट गवती, मग तपकिरी, जांभळा, निळा. हवा तो रंग चढला की थांबायचं.

आता जरा थांबून विचार करा. लाल करून पाण्यात टाकलं तर तांबं मऊ झालं आणि पोलाद कडक. आग तीच, पाणी तेच. तुमच्या मुठीतला तुकडा दोघांतल्या कुणासारखा? त्याचं उत्तर या काळात मुंबईत कुणाजवळ नाही, कारण हा धातू अजून इथे कुणी फारसा पाहिलेलाच नाही. सातासमुद्रापलीकडे अमेरिकेत एल्वुड हेन्स नावाच्या माणसाने 1907 मध्ये कोबाल्ट आणि क्रोमियमच्या मिश्रधातूचं पेटंट घेतलं, ते सुरी-कात्री आणि हत्यारांच्या धारेसाठी. 1932 मध्ये त्याच घराण्यातला ‘व्हायटॅलियम’ नावाचा मिश्रधातू दातांच्या कवळ्यांसाठी आला. आणखी दोन-तीन वर्षांनी टेक्सासमधले व्हेनेबल आणि स्टक हे दोन शल्यविशारद निरनिराळे धातू हाडांत बसवून पाहतील आणि शरीराच्या खारट ओलाव्यात हा धातू जवळजवळ स्वस्थ बसतो हे दाखवून देतील. 1938 मध्ये बॉस्टनचे स्मिथ-पीटरसन त्याची वाटी करून खुब्यात बसवतील. दातांपासून खुब्यापर्यंत, अवघ्या सहा वर्षांत.

*

आता दादर, रानडे रोडच्या मागची गल्ली, 1980 च्या आसपासचं साल. जिना चढून वर या. दोन खोल्यांची डेंटल लॅब. प्लास्टरची धूळ, मेणाचा वास, कोपऱ्यात भट्टी. कवळीच्या सांगाड्याचा नमुना इथे आधी मेणात करतात. त्यावर उष्णता सोसणाऱ्या मातीचा लेप देतात, मग तापवून मेण जाळून टाकतात आणि उरलेल्या पोकळीत वितळलेला धातू ओततात. देवाच्या पितळी मूर्ती याच रीतीने ओतल्या जातात. आईच्या गुडघ्यावर बसणारा भागही असाच, मेणापासून जन्मतो. फक्त कारखाना मोठा असतो.

तंत्रज्ञ काळा चष्मा लावून कोबाल्ट-क्रोमियमच्या गोळ्या वितळवतोय. जवळजवळ चौदाशे अंशांचा प्रकाश. साचा गरगरा फिरतो आणि धातू आत झेपावतो.

तुम्हीही त्यासोबत आत या. लहान व्हा, अगदी लहान. तुमच्याभोवती पांढराशुभ्र द्रव आहे आणि तो थंड होऊ लागलाय. आधी दूरवर एक टोक गोठतं, मग त्याला फांद्या फुटतात, फांद्यांना उपफांद्या. नेच्याची पानं चहूबाजूंनी तुमच्याकडे वाढत येतात. गोठणाऱ्या फांद्या स्वतःत कोबाल्ट जास्त घेतात; क्रोमियम, मॉलिब्डेनम आणि कार्बन बाहेर ढकलले जातात आणि मधल्या उरलेल्या द्रवात साचतात. हाडांसाठीच्या ओतीव धातूत क्रोमियम 27 ते 30 टक्के असतं, मॉलिब्डेनम 5 ते 7 टक्के, आणि कार्बन फार तर 0.35 टक्के. एवढासा कार्बन, पण तोच आता शेवटच्या फटींमध्ये क्रोमियमचा हात धरतो आणि कार्बाइडचे टणक खडे तयार होतात. भातातल्या खड्यासारखे. कुठे कुठे, जिथे द्रव पुरलाच नाही, तिथे बारीक पोकळ्या राहतात.

हे खडे शत्रू नाहीत. पृष्ठभागावर ते घासणीला दाद देत नाहीत, म्हणून हा धातू कमी झिजतो. पण फांद्यांच्या सांध्यात त्यांची सलग रांग लागली, की तडा जायला ती तयार वाट होते.

तंत्रज्ञ सांगाडा पालिश करतोय. नवा मुलगा पक्कड घेऊन दाताला धरणारी आकडी जरा आत वाकवू पाहतो, तसा तो ओरडतो, “एकदाच वाकव. परत सरळ करायला गेलास की तुटून हातात येईल.” मुलाला कारण ठाऊक नाही. तुम्हाला ते दाखवायला मी खाली, दादर स्टेशनबाहेरच्या बाजारात नेतो.

मोसंबीवाल्याने गाडीवर माल रचलाय. खालचा थर. त्याच्या खळग्यांत दुसरा थर. तिसऱ्या थराला दोन जागा मोकळ्या आहेत: अगदी पहिल्या थराच्या डोक्यावर बसायचं, किंवा जे खळगे अजून कुणी घेतले नाहीत तिथे बसायचं. पहिली रीत अ-ब-अ-ब, दुसरी अ-ब-क. दुरून ढीग सारखेच दिसतात. कोबाल्टचे अणू या दोन रचनांमध्ये कायम दोलायमान असतात. शुद्ध कोबाल्ट साधारण 420 अंशांच्या वर अ-ब-क रचनेत असतो, खाली अ-ब-अ-ब रचनेत. आपल्या मिश्रधातूलाही थंड होताना रचना बदलायची असते, पण तो बदल इतका संथ की नेहमीच्या गतीने गार झालेल्या तुकड्यात गरम काळातली अ-ब-क रचनाच बरीचशी गोठून राहते. म्हणजे तुमच्या मुठीतला धातू एक अर्धवट राहिलेला बदल पोटात घेऊन बसलाय.

आता त्याला वाकवा, ठोका, घासा. धक्क्यासरशी काही थर पाऊलभर सरकतात आणि शेजारच्या खळग्यात बसतात. तिथे तिथे अ-ब-अ-बची पट्टी तयार होते. अशा पट्ट्या वेगवेगळ्या दिशांनी एकमेकींना छेदतात, आणि अरुंद गल्लीत चार हातगाड्या आडव्या लागाव्यात तशी पुढची सगळी हालचाल तुंबते. तांबटाचं तांबंही ठोक्याने ताठत होतं, पण तिथे नुसता गुंता होता. इथे ठोक्यामुळे धातूची रचनाच बदलते. म्हणून हा फार लवकर ताठतो आणि आकडी दुसऱ्यांदा वाकत नाही. लेथवर याला कापायला बसलेल्या कारागिरालाही हाच अनुभव येतो: हत्यार जरा रेंगाळलं की खालचा धातू तेवढ्यात कडक होऊन बसलेला असतो.

*

मग लोहाराचं पाणी याला दिलं तर काय होतं?

भट्टीत या. हा प्रवास दादरचा नाही. सांधे बनवणाऱ्या कारखान्यातली ही भट्टी आहे, आत हवा जवळजवळ नाही, आणि काटा चढतोय. आठशे. हजार. बाराशे. 1220 अंशांच्या आसपास तो स्थिरावतो. तुम्ही पुन्हा त्या फांद्यांच्या अरण्यात उभे आहात, पण आता खडे विरघळू लागलेत. गरम पाकात साखर विरघळावी, तसा कार्बन घन धातूतच पसरतो, आणि फांद्या व मधला भाग यांतला फरक पुसट होत जातो. तासांमागून तास जातात.

आणखी लवकर व्हावं म्हणून काटा थोडा वाढवावासा वाटेल. वाढवू नका. साधारण 1235 अंशांच्या वर, जिथे क्रोमियम आणि कार्बन सर्वांत दाट साचले होते, त्या सीमा पाझरू लागतात. बाहेरून तुकडा जसाच्या तसा, चकाकीत फरक नाही, पण कण कणापासून सुटू लागलेला. वाचवणारा ताव आणि मोडणारा ताव यांत दहा-पंधरा अंशांचं अंतर आहे. मला या सगळ्या विषयातली ही गोष्ट सर्वांत जास्त अस्वस्थ करते. लालबागच्या लोहाराजवळ निदान रंग तरी होते.

आता झटकन गार करा. विरघळलेल्या कार्बनला पुन्हा खडे बांधायला वेळच मिळत नाही. तुकडा थोडा मऊ होतो, पण ताण आला तर तुटण्याआधी जास्त ताणला जातो. आणि सावकाश गार केला, तर साधारण 650 ते 1050 अंशांच्या पट्ट्यातून रेंगाळत उतरताना कार्बाइड पुन्हा गोळा होतात, तेही नेमके कणांच्या सीमेवर. मिळालं उत्तर? पाणी दिल्यावर हा पोलादासारखा कडक होत नाही, तांब्यासारखा नरमतो. पण त्याची कारणं तांब्याची नाहीत, त्याची स्वतःची आहेत.

*

1982, ऑगस्ट, परळ. के.ई.एम. रुग्णालयाच्या शेजारी सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयाच्या वाचनालयात तुम्ही बसला आहात. बाहेर पाऊस. काहीतरी चुकल्यासारखं वाटतंय, आणि ते काय हे कळायला थोडा वेळ लागतो: भोंगा वाजला नाही. 18 जानेवारीपासून गिरण्या बंद आहेत. कामगार नेते दत्ता सामंतांच्या हाकेला ओ देऊन सुमारे अडीच लाख कामगार बाहेर आहेत. खाली रस्त्यावर कुणीतरी छत्री टेकत, लंगडत चाललंय. मागावर उभं राहून काढलेल्या वर्षांचे गुडघे आहेत ते.

समोर परदेशी जर्नल उघडं आहे. त्यात खुब्यात बसवलेल्या ओतीव कोबाल्ट-क्रोमियमच्या दांड्यांची छायाचित्रं आहेत, मधोमध तुटलेल्या. 1970 च्या दशकात अशा तुटण्याच्या बातम्या जगभरातून आल्या. एका फटक्यात त्या तुटल्या नव्हत्या. माणूस एकेका पायाने वर्षाला साधारण दहा लाख पावलं टाकतो. प्रत्येक पावलागणिक दांडी केसभर वाकते, सरळ होते. भरड कण, आतली पोकळी, सीमेवरची खड्यांची रांग, यांतलं काहीतरी तडा सुरू करतं आणि पावलं तो पुढे नेतात.

उपाय दोन निघाले. पहिला: ओतलेला तुकडा तापवायचा आणि त्याच वेळी चहूबाजूंनी वायूचा प्रचंड दाब द्यायचा, म्हणजे आतल्या पोकळ्या मिटतात. दुसरा उपाय तांबाकाट्याचा. धातू लालबुंद तापवायचा आणि दाबयंत्राखाली ठोकून आकार द्यायचा. कण बारीक होतात, खडे फुटून विखुरतात, अंगात ताठपणा भरतो. आकडेच पाहा. ओतीव धातूने किमान 450 मेगापास्कलपर्यंत कायमचं वाकू नये अशी अपेक्षा असते. म्हणजे चौरस मिलिमीटरवर साधारण 46 किलोचा भार. ठोकून घडवलेल्या धातूकडून 827 ची अपेक्षा, म्हणजे 84 किलो. मूळ शिधा दोघांचा जवळजवळ सारखाच. जवळपास दुप्पट फरक, तो सगळा तावाचा आणि ठोक्याचा.

मग सगळंच ठोकून का करत नाहीत? कारण प्रत्येक अवयवाची मागणी निराळी. गुडघ्याच्या टोपीला ते वेडंवाकडं वळण हवं, प्लास्टिकवर वर्षानुवर्षं घासलं जाऊनही गुळगुळीत राहायला हवं. तिथे नीट ओतलेला, नीट ताव दिलेला धातू पुरतो. खुब्याच्या लांब दांडीला वाकण्याचा ताण सोसायचाय; तिथे ठोका हवा. आणि हृदयाच्या रक्तवाहिनीत फुलवायच्या जाळीला भलतंच काही हवं. स्टेंटच्या धातूत कोबाल्ट-क्रोमियमसोबत टंगस्टन आणि निकेल असतं. ती जाळी आधी ताव देऊन मऊ करतात, कारण फुग्याने फुलवली की तिने मुकाट्याने ताणलं जायचं असतं आणि फुगा काढल्यावर तिथेच ताठ उभं राहायचं असतं. ताणताना ती आपसूक कडक होते. म्हणून तिच्या काड्या 80 मायक्रॉनपर्यंत बारीक करता आल्या. पूर्वीच्या स्टीलच्या स्टेंटमध्ये त्या 130-140 मायक्रॉन असत. म्हणजे शेवटचा ठोका माणसाच्या हृदयातच बसतो.

याहून नाजूक खेळ गिरगावातल्या दातांच्या दवाखान्यात पाहायला मिळतो. तारा लावून दात सरळ करण्यासाठी कोबाल्ट, क्रोमियम, निकेलची एक तार असते. मुळात ती एल्जिन या अमेरिकी घड्याळ कंपनीने मनगटी घड्याळाच्या कमानीसाठी काढली. तिच्या मऊ प्रकाराला निळी खूण असते. डॉक्टर ती चिमट्याने हवी तशी वळवतात, वेलांट्या काढतात, आणि आकार मनासारखा झाला की साधारण 480 अंशांचा ताव काही मिनिटं देतात. तारेवर फिकट गवती रंग चढतो आणि ती ताठ, तरतरीत होते. लालबागच्या लोहाराने पाहिलेला तोच रंग. फरक एवढाच की त्या रंगाने छिनी थोडी नरमली होती आणि ही तार कडक झाली.

*

पुढचा मुक्काम लवकर आटोपू, कारण तिथे थांबावंसं वाटत नाही. ऑगस्ट 2010. कोबाल्ट-क्रोमियमच्या वाटीत कोबाल्ट-क्रोमियमचाच गोळा फिरणारा, मध्ये प्लास्टिक नसलेला एक खुबा जगभरातून परत मागवला गेला. भारतात तो बसवण्याच्या सुमारे 4,700 शस्त्रक्रिया झाल्या होत्या. मुख्य दोष वाटीच्या आकारात होता. कडेवर घासणी व्हायची आणि कोबाल्ट-क्रोमियमचे सूक्ष्म कण भोवतालच्या मांसात, रक्तात उतरायचे. पण त्याच्याही आधीपासून, 1990 च्या दशकापासून, धातूवर धातू फिरवणाऱ्यांमध्ये एक वाद चालू होता: ओतलेला धातू तसाच ठेवून खडे राहू द्यावेत, की ताव देऊन विरघळवावेत? खडे राहिले तर झीज कमी, असं एका बाजूचं म्हणणं; काही चाचण्यांत फरकच दिसत नाही, असं दुसऱ्या बाजूचं. रुग्णाला यातलं काही कुणी सांगितलं नव्हतं. त्याच्या कागदावर दोनच शब्द होते.

16 ऑगस्ट 2017 ला केंद्र सरकारने गुडघ्याच्या सांध्यांच्या किमतींवर मर्यादा घातली. कोबाल्ट-क्रोमियमचा संच, ज्याची सरासरी छापील किंमत एक लाख अठ्ठावन्न हजारांवर होती, तो कर वेगळा धरून 54,720 रुपयांवर आला. परळ-लालबागमधल्या किती आयांना त्या दिवशी गुडघा परवडू लागला असेल! तो निर्णय मला मनापासून मोलाचा वाटतो, आणि तरी त्या यादीकडे पाहताना एक गोष्ट टोचते. यादीत धातूचं नाव आहे. तो कसा घडला याचा रकाना नाही. शस्त्रक्रियेनंतर सांध्याच्या खोक्यावरची चिकटपट्टी केसपेपरवर लावतात. तिच्यावरच्या लॉट नंबरामागे त्या ओतणीचा, त्या भट्टीचा, त्या काट्याचा सगळा इतिहास कारखान्याच्या नोंदवहीत असतो. ती चिकटपट्टी जपून ठेवा. निदान तिची एक प्रत मागून घ्या.

दादरच्या लॅबमध्ये आता मेण बरंच कमी झालंय. लेझरचा किरण कोबाल्ट-क्रोमियमच्या भुकटीवर फिरतो, थरावर थर वितळवतो, आणि दाताची टोपी प्लेटवर उगवते. एवढ्या झपाट्याने गोठल्यामुळे तिच्या अंगात ताण कोंडलेला असतो. प्लेटवरून तशीच कापली तर वाकडी होते. म्हणून आधी भट्टी, मगच करवत. नव्वद वर्षांत यंत्रं बदलली, ताव चुकला नाही.

*

एक मुक्काम पुढे आहे. साल मी सांगणार नाही. भोईवाड्याची स्मशानभूमी, तिसऱ्या दिवसाची सकाळ. तुम्ही अस्थी गोळा करताय. राखेत बोटांना काहीतरी जड लागतं. काळवंडलेलं, पण आकार तोच, तेच वळण. चिता साधारण आठशे ते हजार अंशांपर्यंत जाते आणि हा धातू साडेतेराशेच्या आत पुरता वितळत नाही, म्हणून तो उरला. पण तो पूर्वीचा राहिलेला नाही. चितेचा ताव नेमका त्या पट्ट्यातला, जिथे विरघळलेला कार्बन पुन्हा कणांच्या सीमेवर गोळा होतो. आईच्या अंगात होता तोवर धातूने तो धरून ठेवला होता. तुकडा पाण्याने धुवा, पंच्यात बांधा.

डोळे उघडा.

“कुठे हरवलास?” आई विचारते. डॉक्टर हात पुढे करून उभे आहेत. तुम्ही नमुना त्यांना परत करता. मूठ ओली झालीय. तारीख ठरते, पुढच्या महिन्यातली. तुम्ही विचारता, सांध्याची चिकटपट्टी आम्हाला मिळेल का, तिची प्रत? डॉक्टर क्षणभर तुमच्याकडे पाहतात आणि हो म्हणतात.

सात आठवड्यांनी, लालबाग. चाळीचा लाकडी जिना, तिसरा मजला. सपाटीवर चालताना गुडघ्यावर अंगाच्या वजनाच्या अडीचपट भार येतो, जिना चढताना तिप्पट. आई कठड्याला धरते, चांगला पाय आधी वर टाकते, मग नवा. पायरी करकरते. दुसरी. तिसरी. पहिल्या मजल्यावरच्या काकू दार उघडून बघत उभ्या आहेत.

“दुखतंय का गं?” तुम्ही मागून विचारता.

“तू गप चल. पायऱ्या मोजतेय मी.”